दृष्टीच्या मिरच्या

तुमी म्हणाल, मिरचीच्या रोपाला येवढं कुणी जपतं व्हय? पर आमच्या घरच्या मिरचीचं बी संपलं व्हतं आन् शेवटचं झाड रोगानं चाललं व्हतं. माझी नात सुमन बारामतीच्या लॅबमंदी कामाला हाय. तिनं त्या झाडाचा शेंडा नेला, बाटलीत वाढवला आन् त्याची रोपं आमच्या गावाला, वरकुट्याला आणली.

"आजी, वरचं प्लास्टिक काढू नगंस. वारं लागलं की मरतील," असं बजावून ती गेली.

दुपारी बघते तर माझ्या धाकट्या जावंनं, हिरानं, प्लास्टिक काढलेलं. "लेकरं घामेजली व्हती, अक्का." समद्या रोपांनी माना टाकलेल्या.

मी सुमनला फोन लावला. "पाणी फवार, प्लास्टिक झाक," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

तवर हिरा मीठमिरच्या रोपांवरनं ओवाळून चुलीकडं निघाली.

"ह्या मिरच्या कुठल्या गं?"

"आपल्याच झाडाच्या. दृष्ट काढाय डब्यात ठिवल्या व्हत्या."

फोनातनं सुमन म्हणाली, "आजी, आदी तिचा हात धर. त्यात बी असंल!"

मी मनगट धरलं तवा मूठ जाळावरच व्हती.

हिरा म्हणाली, "मग दृष्ट कशानं काढू?"

म्हटलं, "नुसत्या मिठानं."