नाकातली कुरकुर

मंडळी, नवा जोडा कुरकुरतो, पाळणा कुरकुरतो, दात येणारं पोर कुरकुरतं. त्यांचं दुखणं दिसतं, उपाय होतो. माणसाचं काय? तक्रार तोंडानं सांगतो, ती मिटते. कुरकुर नाकानं करतो – हूं! – ती मिटवणार कशी? आणि मला सांगा, जिभेवर पापाचा शब्दच आला नाही, तर पाप लागतं का हो?

ऐका. कुंभारखेड्याला भागीरथीबाई होत्या, घरच्या थोरल्या सूनबाई. चौदा वर्षं देवाचं नैवेद्याचं ताट त्यांनी वाढलं. धाकटी जाऊ अनसूया लग्न होऊन आली, आणि सासूबाई म्हणाल्या, "आता देवाचं ताट हिनं वाढावं. हिच्या हाताला चव आहे." झालं! निखारा पडला पदरात!

त्याच आषाढीला भागीरथीबाईंनी व्रत घेतलं – चार महिने मौनभोजन. जेवताना बोलायचं नाही. एक शब्द निघाला, की भरल्या पानावरून उठायचं आणि व्रत मोडलं. कडक व्रत! मीही धरते, म्हणून सांगते – मीठ मागता येत नाही हो!

पण बाई काय करायच्या? अनसूया विचारायची, "जाऊबाई, आमटी बरी झालीय का?" – हूं! वाटी आपटायच्या – ठण्ण! सुस्कारा असा, की समई फडफडावी! शब्द? एकही नाही. व्रत अगदी सोवळ्यात! आणि मंडळी, वाटी मात्र रोज चाटूनपुसून रिकामी!

कार्तिकी द्वादशी उजाडली. व्रताचं शेवटचं जेवण. ते नीट उरकलं की गावासमोर उद्यापन, ओटी, मान! अनसूया वाढायला आली. डोळे सुजलेले.

"जाऊबाई, माझ्या हातचं तुम्हाला गोड लागत नाही, कळलं मला. भाऊ न्यायला आलाय, ट्रंक गाडीत चढवलीय. मी आता परत यायची नाही."

बाईंना काय वाटलं असेल? दुःख? छे हो! उकळी फुटली! देवाचं ताट परत आपल्या हाती! फक्त गप्प बसायचं – आणि गप्प बसणं तर व्रतच होतं! देवानंच तोंड बांधलंय, म्हणायला मोकळ्या!

अनसूया उंबऱ्यापर्यंत गेली. भागीरथीबाईंनी घास उचलला. भुरका मारला. आणि तो घास गिळवेना.

"थांब गं!"

सासूबाई ओरडल्या, "अगं, व्रत! चार महिन्यांचं!"

"मोडू दे! अनसूये, आमटी चांगली आहे. रोज चांगलीच होती. माझ्यापेक्षा चांगली, तेच तर खुपत होतं!"

आणि नियमाप्रमाणे त्या भरल्या पानावरून उठल्या. अनसूयेनं ट्रंक उतरवून घेतली. त्या दिवशी दोघी जावा उपाशी, एका पाटावर बसून रडल्या.

भटजी म्हणाले, "व्रत फुकट गेलं." मी म्हणते, त्या एका क्षणापुरतंच ते पाळलं गेलं!

आता हसू नका, बायांनो. पुरुषमंडळी, तुम्हीही नका! आता घरी जाल, पानावर बसाल. कुणीतरी वाढेल आणि तुमच्या तोंडाकडे बघत उभं राहील. त्या माणसाला आज काय ऐकवणार आहात? ते आधी ठरवा, आणि मग देवाचं नाव घ्या.