विमानाआधी बी.ए.

तुम्ही डिग्री डिग्री करायलात म्हणून आमच्या शिवराजचं सांगतो. शिवराज म्हंजे माझा मावसभाऊ, भालकीचा. लहानपणापासून आभाळाकडं बघतच चालायचा. पोलीस ॲक्शननंतर मॅट्रिक झाला, तसा हैद्राबादला विमान शिकवणाऱ्या क्लबात जाऊन विचारून आला. ते म्हणाले, "मॅट्रिक पुरे. डोळे तेवढे चांगले पाहिजेत."

त्याच सुमारास मन्नाएखेळ्ळी गावची सोयरीक आली. मुलीचे वडील गुरप्पा. त्यांनी विचारलं, "विमान चालवायला मॅट्रिक चालतंय?"

"व्हय," शिवराज म्हणाला.

"मग असली कसली नोकरी ती? आमच्या तहसिलात कारकुनाला बी बी.ए. मागायलेत. आधी बी.ए. व्हा, मग पोरगी देतो."

मावशीला सोयरीक मोडायची नव्हती. शिवराजनं फारसी घेऊन बी.ए. केलं. कंदिलापाशी वाचून वाचून जाड भिंगाचा चष्मा लागला. क्लबवाल्यांनी चष्मा बघितला आणि दारातूनच परत लावून दिलं. मग तो तहसिलात कारकून झाला.

गुरप्पा खूश. लग्नात अक्षता पडायच्या टायमाला बिदरकडून एक विमान मांडवावरनं गेलं. सगळ्यांनी माना वर केल्या. शिवराजनं चष्मा पुसून पुसून बघितलं, पण त्याला काही दिसंना.

गुरप्पांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "वर विमान चालवायलाय त्यो नुसता मॅट्रिक असंल बघा. बिचारा."