खेचराला केलेला नमस्कार

सन्माननीय अध्यक्ष नरेंद्रराव, व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या देवयानीताई, आजचे उत्सवमूर्ती गुरुदत्त, आणि मागे बटाटेवड्यांच्या दिशेनं खुर्च्या वळवून बसलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

भाषणाचा कागद आणलेला नाही. आणला असता तरी उलटा धरला असता.

वेंटवर्थव्हिलच्या आमच्या मंगळवारच्या भजनी मंडळाला गुरुदत्तनं सहा वर्षं ढोलकीची साथ केली. आता तो ब्रिस्बेनला चालला. आनंदाची गोष्ट आहे, असं म्हणायची पद्धत आहे, म्हटलं. पण खरं सांगू? दोन वर्षांपूर्वी हे मंडळ बंदच पडायच्या बेतात होतं. सात बायका उरल्या होत्या, त्यांतल्या तिघी पहिल्याच अभंगाला डुलक्या घ्यायच्या. माझी सून मिताली मला दारात सोडून गाडीत लॅपटॉप उघडून बसायची. "आई, आत मला झोप येते," म्हणायची. तिला काय दोष द्यायचा?

मग एकदा गुरुदत्तबरोबर मी ऑप शॉपमध्ये, त्या वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, गेले. तो जुना पंखा शोधत होता, मी जुन्या सीड्या चाळत होते. मला वाचता येत नाही, म्हणून मी चित्रं बघते. जो तो गाणारा केस विंचरून, तोंड मिटून उभा. आता मला सांगा, तोंड मिटून कोण गातं? एकाच चित्रात तेराच्या तेरा माणसांनी आ वासला होता. म्हटलं, "हीच घे. हे गाणारे दिसतायत."

गाडीत लावली. अहो, काय गात होते ते लोक! एक जण ओळ टाकतो, बाकीचे तुटून पडल्यासारखे ती उचलतात. कुणी कपडे घासायच्या पत्र्यावर ठेका धरलाय, कुणी पाय आपटतोय. आमच्याकडे भात लावताना बायका अशाच गायच्या. गुरुदत्त स्टिअरिंग बडवायला लागला. दोनदा हिरवा दिवा आमच्यामुळे वाया गेला, मागचे हॉर्न वाजवतायत.

मंगळवारी मंडळात ऐकवली. उच्चार कुणालाच कळेनात. आमच्यातल्या चित्राताईंनी डोळे मिटून हात जोडले, म्हणून आम्हीही जोडले. गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "कुठल्या संताचं हो हे?"

"काकू, अमेरिकेतली जुनी लोकगीतं आहेत," गुरुदत्त म्हणाला. "हे खेचराचं आहे. चढावर अडून बसलंय."

मी म्हटलं, "असू दे. कष्टाचं जनावर आहे, नमस्कार पोचला."

त्या दिवसापासून आमचे अभंग जागे झाले. आवाज ऐकून मिताली लॅपटॉपसकट आत आली. पुढच्या मंगळवारी लॅपटॉप घरी ठेवून.

आता गुरुदत्त गेल्यावर काय? कमिटी म्हणते, फोनमध्ये ठेक्याचं ॲप असतं. अध्यक्षमहाराज, राग मानू नका, पण आमचा श्वास अडकला तर ते ॲप थांबतं का? गुरुदत्त थांबायचा. म्हणून गेले चार महिने, कमिटीला न विचारता, तो आमच्या गॅरेजमध्ये मितालीला ढोलकी शिकवतोय.

गुरुदत्त, बाळा, तुझे आभार कसे मानू? सीडी तू घेऊन जा. तिकडच्या बायकाही पेंगत असतील.

पाहुण्यांचे, कमिटीचे, आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि आता पुढच्या चार मिनिटांत ठेका चुकला, तर तोही घाला. मिताली, ये. घाबरू नकोस, मी मोठ्यानं गाते.