उलटं कोनफळ

...न्हाई, तुमीच सांगा, पोरीला प्रयोग करायला अख्ख्या कुंभारवाड्यात माझंच कोनफळ घावावं? घरात चवळी हाय, कुळीथ हाय, पण न्हाई! तुमास्नी सांगतो, माझ्या अव्वानं, म्हंजे आईनं, माहेरनं आणलेलं त्या कंदाचं बी. अव्वा गेली, मागल्या साली रानडुकरांनी सगळं उपसून खाल्लं, आन् उरला हा येवढा एक तुकडा. एकच! हा कुजला की अव्वाचं कोनफळ संपलं. म्हणून मी काय केलं, कोंबाच्या अंगाला चुन्याचा ठिपका दिला, म्हंजे ठिपका वर, कोंब वर... आन् लावायला दिला कुणाकडं? नेत्राकडं! आठवीला हाय, हात हलका हाय म्हणून!

पंधरा दिस झालं, वीस झालं, कोंब न्हाई. शेजारचा परशू रोज कुंपणावरनं, "नागूभाव, कुजलं काय हो?" आन् एकविसाव्या दिवशी पोरगी भाकरी मोडता मोडता म्हणती, "अप्पा, मी ते उलटं लावलंय."

माणसानं बोलावं तरी काय?

"टीचर म्हणाल्या, बी कसंबी पडू दे, कोंब वर जातो आन् मूळ खाली." अगं पण त्या काळोखात त्याला वर-खाली सांगतंय कोण, तुझा मामा? तर म्हणती, "आत पिठाचं बारीक कण असत्यात अप्पा, ते खाली बसत्यात, त्यावरनं झाडाला कळतं." पीठ! मी कुदळ घेऊन निघालो, तर आमची बायकू फुला दारात आडवी, "आंबील ठेवली की पीठ तळाला बसतंय का न्हाई? मग! उकराल तर कोंब मोडंल." घ्या! आता आंबील साक्षीला! बोलावं तरी काय?

मग काय, रोज सकाळी खड्ड्याशी जाऊन बसायचो. अव्वाची माफी मागायचो. आन् सव्विसाव्या दिवशी माती फुटली बघा! मधोमध न्हाई, वीतभर बाजूला, कोपरागत वाकून आलेला तांबूस कोंब. रडलो हो मी, पोरीसमोर रडलो, खोटं कशाला सांगू! म्हटलं, बिचारं चाचपडत चाचपडत आलं. तर म्हणती, "चाचपडत न्हाई अप्पा. वाट ठाऊक होती त्याला."

जानेवारीत काढलं, चौदा किलो! बियाला वीस तुकडं झालं. आन् परशूनं ते बघून त्याची सगळी कोनफळं उलटी लावायचं ठरवलं! अरं बाबा, वळण्यातच त्याचा निम्मा जीव जातोय, सरळ लाव! तर डोळा मारून म्हणतो, "व्हय व्हय, गुपित कोण सांगतंय!" बोलावं तरी काय?

आन् नेत्रा? वही घेऊन उभी. "एकावरनं काय सिद्ध होत न्हाई अप्पा. यंदा दहा सरळ, दहा उलटी." अव्वाचं बी हाय ते! ठणकावून न्हाई म्हणालो, पाय आपटत मळ्यात गेलो... आन् खड्डं काढून आलो. मोजून वीस.