कॅप्टनचा कोट

नाही, नाही, फोगेल, बगलेत सैलच ठेवा — तेवीस वर्षं लेफ्टनंटच्या कोटात श्वास कोंडून काढलीत मी, आता कॅप्टन झालोय तर हात तरी हलू देत. हसताय काय? आमच्या मरीन दलात असंच असतं, वरचा मेल्याशिवाय नाहीतर नोकरी सोडून गेल्याशिवाय खालचा सरकत नाही. बढतीची यादी पाठ होती मला — कोण खोकतोय, कोणाचं काळीज कमजोर आहे — लाज वाटते, पण पाठ होती. आणि माझ्या बरोब्बर वर कोण, तर ऑगस्टस रिव्ह्ज. माझा जिवलग. चांगला धडधाकट.

तो व्हर्जिनियाचा. या एप्रिलात त्याचं राज्य संघराज्यातून फुटून दक्षिणेला मिळालं, तेव्हा याच खोलीत त्यानं राजीनामा लिहिला. रडत होता हो. म्हणाला, इनॉक, उद्या तूच टपालात टाक, माझा हात धजत नाही. सकाळी मी न्याहारीला बसलो, तर त्याची चिठ्ठी — टाकू नकोस, विचार बदलला, मी आपल्याच झेंड्याखाली लढणार. — टाचणी टोचली जरा. असू द्या, चालू ठेवा. — तर पत्र गेलं होतं. म्हणजे, तसं मी त्याला सांगितलं. गेलं नव्हतं. खिशात होतं. दुपारी टाकलं.

मला वाटलं, राजीनामा घेतील, तो घरी जाऊन शेती बघेल, मी एक पायरी वर. कुणाचं काय बिघडलं? पण यंदा दक्षिणेकडच्यांचे राजीनामे घेतच नाहीत — नाव खोडतात, फितूर म्हणून उचलतात. बॉस्टनच्या बंदरातल्या किल्ल्यात कैदेत आहे तो. आता तोही खोकतोय म्हणे. ओरडून सांगतोय, मी पत्र मागं घेतलं होतं — कोण ऐकतो? त्याची चिठ्ठी मी पुढे केली तर सुटेल. पण चिठ्ठीवर वेळ सकाळची, पत्रावर शिक्का दुपारचा. मग हा कोट तुम्ही कोणासाठी शिवणार? या नोकरीशिवाय दुसरं काही येत नाही मला, फोगेल. रोज चिठ्ठी बाहेर काढतो, रोज परत ठेवतो.

हात का थांबवलात? हे तुम्ही ऐकलं नाहीत. समजलं? काढा त्या टाचण्या. आणि जाताना — बाहेर बाकावर बाई बसल्यात सकाळपासून, ती हॅरिएट, ऑगस्टसची बायको. माझ्यावर फार भरवसा आहे तिचा. तिला सांगा, कॅप्टन मागच्या दारानं जहाजावर गेले. कधी येतील विचारलं, तर माहीत नाही म्हणा. जा.