ती बघ चिमनी

माहेर माझं पारनेरकडचं, कोरडवाहू, आन् सासर हे सोनईजवळ. शिक्षन म्हनशाल तर सातवी, त्यावर अंगनवाडीत मदतनीस लागले, खिचडी शिजवायची, पोरं घरोघर फिरून गोळा करायची, नाकं पुसायची, समदी पोरं मला मावशी म्हनत्यात. काय सांगू तुमाला ताई, रडनारं पोर गप करन्यात माझा हात कुनी धरायचा न्हाई.

तर ते कसं, सकाळी खुरपायला जानाऱ्या बायांचा टेम्पो वेशीत येऊन हॉर्न मारतो, बाया घाईघाईनं पोरं अंगनवाडीत सोडायला येत्यात, आन् पोरं पदर सोडत न्हाईत. मग मी पोर कडंवर घ्यायची, खिडकीशी न्यायची, ती बघ चिमनी म्हनायची, आन् आईला डोळ्यानं खुनवायची, जा म्हनून. चिमनी असो नसो. पोर वळून बघतंय तवर आई टेम्पोत. आमच्याकडं समद्या बाया असंच करत्यात, पोराचा डोळा चुकवूनच जायाचं, सांगून गेलं तर लई रडतं म्हनून.

गावातल्या सुनीताची ईश्वरी यंदाच आली, चवथं लागलंय पन बोलनं कमी, पानी, आई, नको, एवढंच. पहिल्यांदा लई रडली, मग रडायचीच बंद झाली, मी म्हनलं बघा कशी शहानी केली. पन दारातच बसायची, खेळायची न्हाई. अंगनवाडीच्या बाईंनी हसरं तोंड, रडकं तोंड अशी चित्रं दाखवली, हे तोंड कसं हाय गं, तर पोर गप. मीच सुनीताला म्हनलं, पोरीला काय कळत न्हाई बघ, श्रीरामपूरला डॉक्टरला दाखवून आन. सुनीताचं तोंड एवढंसं झालं. ज्याला बोलता येत न्हाई त्याला कळत न्हाई, असंच वाटायचं मला, व्हय.

मागच्या आठवड्यात बाईंनी पक्ष्यांची चित्रं काढली. चिमनी दिसली तशी पोरं ओरडली, आन् ईश्वरी किंचाळत दाराकडं पळाली. बाईंनी जवळ घेतलं, काय झालं राजा, तर हुंदके देत म्हनली, चिमनी आई नेती.

खिचडीचा डाव माझ्या हातात तसाच राहिला. केवढा इचार केला हुता ओ त्या पोरीनं, चिमनी आली की आई जाती, समदं जुळवलं हुतं, सांगायला तेवढे शब्द नव्हते. आन् खोटं मी बोलले, वर कळत न्हाई म्हनून तिलाच नाव ठेवलं. बाई म्हनल्या, मावशी, तुमी काय मुद्दाम केलं का. मुद्दाम न्हाई, पन केलं मीच ना.

आता सुनीता सांगून जाती, कांदं खुरपून येते गं बाळा, पोर रडती, मी रडू देते, आई गेली म्हनून वाईट वाटतंय ना, असं बोलत ऱ्हाते तिच्याशी, बाईंनीच शिकवलं. परवा म्हनली, वाईट. तेवढंच. तरी खिडकीत खरी चिमनी बसली, की समदी पोरं चिमनीकडं बघत्यात आन् ही माझ्याकडं बघती. लई जीव तुटतो ताई. देवानं तिला लई बोलायला द्यावं, मोठी होऊन मावशी तू मला फसवलं म्हनली तरी चालंल, मी ऐकून घेईन.