भिंतीवरची बटणं

या ना, आत या, तशाच या — लादी आज पुसलेलीच नाही, तुमच्या चपलांनी काही बिघडणार नाहीये. एजंट नाही आला बरोबर? नाहीच यायचा तो. सही घ्यायच्या दिवशी बघा कसा धावत येतो. ही बाहेरची खोली. दुपारपर्यंत उजेड असतो, मग ती समोरची इमारत मधे येते. — काय, ते? ते बटण आहे. हो, शर्टाचंच. भिंतीला चिकटवलेलं. हातात ही पट्टी बघून घाबरू नका हं, खरवडत बसले होते ती बटणं, तेवढ्यात तुम्ही बेल वाजवलीत. भिंती होत्या तशा करून द्या म्हणालाय ना एजंट. होत्या तशा! अहो, आम्ही आलो तेव्हा या भिंतींना ओल होती, ती परत आणून देऊ का म्हटलं. तर हसला नुसता. — तुला 'तू' म्हटलं तर चालेल ना? मुलीच्या वयाची असशील. मला मुलगी नाही, पण असती तर असशील.

ये, स्वयंपाकघर बघ. ओटा जरा बुटका आहे, पण तुझ्या उंचीला बरा. आणि दारापाशी हात फिरव, इथे, कमरेच्या जरा वर — लागलं? एकच बटण. एक म्हणजे स्वयंपाकघर. पुढे दोन लागली की न्हाणीघर. तीन लागली की आमच्या सासूबाईंची खोली. त्यांना दिसत नाही. म्हणजे आधी अंधूक दिसायचं, मग कडा तेवढ्या दिसायच्या, मग डॉक्टर म्हणाले आता यापुढे काही होण्यासारखं नाही. घरी आल्या आणि मला म्हणाल्या, अगं, तुझ्या त्या डब्यात जुनी बटणं आहेत ना? आण. स्वतः उभं राहून चिकटवून घेतली माझ्याकडून. वर घे, खाली घे, अगं वाकडी का लावतेयस, मला दिसत नाही म्हणून काहीही चालेल का? अशा. आणि महिन्याभरात या घरात माझ्यापेक्षा भरभर चालायला लागल्या. मी ठेचकाळायचे, त्या नाही.

आत्ता नाहीयेत इथे. मुलाकडे गेल्यात. त्यांच्या मुलाकडे — म्हणजे माझ्या नवऱ्याकडे — म्हणजे होता तो नवरा. काय सांगू तुला, आमचे 'हे' होते, त्यांचे 'ते' झाले. बरीच वर्षं झाली त्याला. दुसरं लग्न केलं, सुखात आहे, माझं काही म्हणणं नाही. पण आई इथेच राहिल्या. हो, माझ्याजवळ. लोकांना ते कळायचंच नाही. मुलगा गेला तर सासू कशाला ठेवून घेतलीस, म्हणून विचारायचे. मी ठेवून घेतली! अगं, करारावर नाव माझं असलं म्हणून काय झालं, घरात कुणाचं चालायचं ते भाजीवाल्याला विचार. मुलगा न्यायला आला होता ना त्यांना तेव्हाच. तर त्या खुर्चीतून हलल्या नाहीत. मला आता नवीन घर दिसायचं नाही म्हणाल्या, मी इथेच बरी आहे. तेव्हा थोडंफार दिसत होतं त्यांना. मी आत उभी राहून ऐकलं, आणि खोटं कशाला बोलू, जीव भांड्यात पडला माझा. एकटी पडले नाही म्हणून.

बस ना जरा. ती खुर्ची घे, ही डुगडुगते. मी काय, बोलतच राहते, सवयच लागलीये — मी लिफ्टच्या कंपनीत फोनवर असते. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की आतल्या फोनवरून आवाज येतो ना, घाबरू नका, माणूस निघालाय, खोल श्वास घ्या — तो मी. माणूस निघालेला असतो की नसतो देव जाणे, पण तोवर समोरच्याला बोलतं ठेवायचं. मुलं किती, जेवलात का, काय वाट्टेल ते. एकाने तर मला अडकल्या अडकल्या स्वतःच्या बहिणीचं जमवायला सांगितलं होतं. असो.

भाड्याचं विचारत होतीस ना. आधीचे मालक होते, म्हातारे, ते स्वतः यायचे. दर वर्षी करार संपायच्या सुमाराला. येऊन तिथेच बसायचे, तू बसलीयेस तिथे, आणि पंख्याकडे बघायचे. मग म्हणायचे, थोडं वाढवावं लागेल हो. असं म्हणायचे जसं काही त्यांनीच आमचे पैसे चोरलेत. मी म्हणायचे किती, ते एक आकडा सांगायचे, मी त्याच्या खालचा सांगायचे, आणि आतून आई ओरडायच्या, आधी तो नळ गळतोय तो बघा, मग भाड्याचं बोला! की झालं. मधेच कुठेतरी जमायचं. चहा व्हायचा. जाताना नळ बघून जायचे बिचारे — दुरुस्त काही करायचे नाहीत, पण बघून जायचे. ते गेले. आता मुलाच्या हातात आलंय सगळं. आणि या वर्षी कुणी आलं नाही, मोबाइलवर मेसेज आला एजंटचा. एका ओळीचा. बाजारभावाप्रमाणे भाडं अमुक, मान्य असल्यास कळवावे. दीडपट! मी आधी म्हटलं चुकून आलाय, वरच्या मजल्यावरच्यांचा असेल. मग वरच्यांना विचारलं तर त्यांनाही तसाच आलेला, ते आपले माझ्या तोंडाकडे बघतायत.

गेले ना, मालकाच्या मुलाच्या ऑफिसात गेले. सुट्टी टाकून गेले. वाईट नाहीये गं तो, तेच तर. वाईट असता तर भांडून तरी आले असते. पाणी दिलं, बसवलं, वडिलांची आठवण काढली. म्हणाला, काकू, माझ्याच कर्जाचा हप्ता वाढलाय, मी काय करू. मग म्हणाला, तुम्ही दोघीच ना? तुमचं नातं काय? मी म्हटलं सासूबाई. तो म्हणाला, म्हणजे मिस्टरांच्या आई, मग मिस्टर? आता काय सांगायचं? नवरा नाही आणि सासू आहे — कुठल्या खान्यात बसतं हे? तो बिचारा सरळपणे म्हणाला, मग त्यांच्या मुलानेच बघायला हवं ना, तुमच्यावर कशाला भार. भार! मी उठलेच. रस्ताभर मनातल्या मनात त्याला उत्तरं देत आले. घरी पोचेपर्यंत काय फर्डं बोलायला लागले होते मी.

आणि मी त्यांना सांगणार नव्हते. दुसरीकडे बघू, काहीतरी जमवू, शनिवारी-रविवारी जास्तीची पाळी घेऊ, असं चाललेलं डोक्यात. पण दिसत नसलं तरी कान आहेत ना. वरच्या बाई जिन्यात तावातावाने बोलत होत्या त्यावरून कळलं त्यांना. मी कामावरून आले तर म्हणाल्या, दीडपट का गं? मी म्हटलं हो. म्हणाल्या, तुझ्याच्याने व्हायचं नाही. मी म्हटलं बघू. तर म्हणाल्या, काय बघू, मी त्याला फोन केलाय, येतोय तो.

आला. बायको गाडीतच बसली होती खाली. तो म्हणाला, माझ्याकडे एक खोली रिकामीच आहे, आईला मी नेतो, आणि तू एकटीपुरतं लहानसं बघ, तुझाही जीव सुटेल. बोलला ते सगळं बरोबरच. एक शब्द खोडून काढता येईना. दोन घरांचं भाडं त्याला तरी कसं परवडायचं? मी आईंकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, मला नवीन घर दिसायचं नाही. म्हणतील मी इथेच बरी आहे. मी वाटच बघत होते. तर म्हणाल्या — बरं. एवढंच. बरं. आणि मला म्हणाल्या, माझी जाड शाल वरच्या कप्प्यात आहे ती काढ.

तू मला सांग, मी किती वर्षं समजत होते की बाई माझ्यासाठी राहिल्यात. माझ्यासाठी! आणि तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय, की माझ्यासाठी राहिल्या होत्या की या भिंतींसाठी? रस्ता पाठ होता म्हणून? कधी विचारलं नाही. असं विचारतात का कुणी? — नाही, रडत नाहीये, ही रंगाची धूळ उडते ना खरवडताना, ती जाते डोळ्यात.

मग सुरू झाले फोन. गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी. मी कामावर, कानाला कंपनीचा फोन, आणि इकडे माझा वाजतोय. आईंचा. अगदी हळू आवाजात, शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये असं — अगं, मी पॅसेजमध्ये उभी आहे, न्हाणीघर कुठे आहे? आता मी काय सांगू, मी कुठे बघितलंय ते घर! म्हटलं, आई, त्यांना हाक मारा ना. नको, म्हणाल्या, सारखं सारखं काय. पुन्हा पुन्हा विचारायला लाज वाटत होती गं त्यांना. आयुष्यात कुणापुढे न लाजलेली बाई. मग मी म्हटलं, बरं, भिंत कुठल्या हाताला लागतेय? डाव्या. ती सोडू नका. दार लागलं? लाकडाचं की कसलं? पुढे जा. पायाखाली गार लागतंय का? मग तेच. असं मी इथे बसून त्यांना तिथे चालवत होते. माझ्या शेजारच्या टेबलावरची म्हणाली, कुठल्या इमारतीतला कॉल आहे गं, इतका वेळ? मी म्हटलं, आहे एक अडकलेली.

रोज यायचा. कधी दोनदोनदा. खरं सांगू? — वाईट वाटायचं, पण फोन वाजला की बरंही वाटायचं. हे मी कुणाला बोलले नव्हते. तू आपली घर बघायला आलीस आणि माझं हे पुराण.

मग एक दिवस तिचा फोन आला. त्याच्या बायकोचा. मी आवाज कधी ऐकला नव्हता, पहिल्या शब्दाला ओळखला. म्हणाली, आई काल पडता पडता वाचल्या. मला कळत नाही काय करू ते, त्या मला काही मागतच नाहीत. तुम्ही त्या घरी बटणं लावली होती ना, तशी इथे लावून द्याल का? ती म्हणाली, मी लावली असती हो, पण कुठे आणि किती उंचीवर ते मला माहीत नाही. — मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही असं ठरवलेलं होतं. कानाला खडा लावला होता. पण गेले. डबा घेऊन गेले. काय घर आहे, नवा रंग, भिंतींवर एक ओरखडा नाही. मी म्हटलं खराब होतील. ती म्हणाली, होऊ देत. ती गोंद लावून देत होती, मी दाबून धरत होते, आणि आई मधे उभ्या राहून हुकूम सोडतायत, वर घे, खाली घे, वाकडी का लावतेयस. तो ऑफिसात होता, बरं झालं. मधेच आई आत गेल्या आणि तिथून हाक मारली, अगं ए! तर आम्ही दोघी एकदमच 'आले' म्हणालो. आणि मग एकमेकींकडे बघून इतक्या हसलो गं आम्ही, ती तर खालीच बसली हातात गोंद घेऊन. चांगली आहे. असायला नको होती, पण आहे.

नाही, आता नाही येत फोन. शिकल्या की त्या, भराभर शिकल्या, मी सांगितलं ना तुला. आज आठवडा होत आला असेल. चांगलंच आहे ना? त्यासाठीच तर गेले होते मी. चांगलंच आहे.

तर, तुझं काय, तुला का सोडावं लागतंय आधीचं घर? — तेच? तिथेही वाढवलं? बघ, म्हणजे तू तिकडून इकडे, मी इकडून आणखी लहान घरात, आणि तुझ्या घरात तिसरंच कुणी, जे आणखी कुठून तरी निघालेलं. घरं जागच्या जागी आणि माणसं आपली फिरतायत. घे तू हे घर. चांगलं आहे. फक्त पुढच्या वर्षी किती वाढवणार ते आत्ताच लिहून घे त्याच्याकडून, तोंडी काही मानू नकोस, कितीही पाणी दिलं, काकू म्हटलं तरी. आणि नळ गळतो. तो बघून घे म्हणावं.

काय म्हणालीस? — मी? आईंना फोन मी कशी करू? म्हणजे करता येतो, नंबर आहे, पण करून म्हणू काय? त्यांना काही लागलं तर त्या करतातच — हं. काही लागलं तरच करायचा का, असं म्हणतेस. तसं तर मी विचारच नाही केला. सतत तिकडूनच यायचा ना.

दुपारची झोप झाली असेल आत्ता त्यांची. उठून बसल्या असतील.

तू नीघ आता. खिडकीचं माप घ्यायचं असेल तर उद्या ये, मी आहे महिनाअखेरपर्यंत. आणि दार बाहेरून ओढून घे हं, नुसतं लोटू नकोस, लागत नाही ते. जा बाई तू — मला एक फोन करायचाय.